मुलांचा आवाज आणि कानाची चौकशी

मुलांच्या बोलण्याविषयीं घरांत चर्चा निघते ती बहुधा उच्चारांपुरतीच. 'र' चा 'ल' होतो, 'श' चा 'स' होतो, मूल अडखळतें किंवा बोबडें बोलतें, या गोष्टी आईच्या ध्यानांत तेव्हांच येतात आणि त्यांवर उपायहि शोधले जातात. पण ज्या ध्वनीवर हे सारे उच्चार स्वार झालेले असतात त्या ध्वनीची जात कशी आहे, तो भरीव आहे कीं पोकळ, तोंडांतून येतो कीं नाकांतून, वरच्या पट्टींत अडकला आहे कीं खालच्या, याची विचारपूस क्वचितच होते. आवाजाच्या दोषांना आपल्या भाषेंत शब्दांची वाण आहे असें मात्र नाहीं. घोगरा, भसाडा, चिरका, किनरा, बसका, फाटका, गेंगाणा, सर्दाळलेला, अशी भली मोठी यादी कोणत्याहि मराठी घरांतील आजीबाई उभ्याउभ्या सांगतील. दुर्दैव इतकेंच कीं, या शब्दांचा उपयोग आपण निदानाकडे न करितां नांवें ठेवण्याकडे करितों. वर्गांत एखाद्या मुलास 'गेंगाण्या' हें बिरुद एकदां चिकटलें म्हणजे तें दहावीच्या परीक्षेपर्यंत त्याची पाठ सोडीत नाहीं. मुलगी असली तर तिचें बोलणेंच हळूहळू कमी होत जातें, आणि 'आमची मुलगी फार शांत आहे हो' असें पाहुण्यांस कौतुकानें सांगितलें जातें.

आमच्या प्राचीनांनीं हा विषय इतका हलका मानला नव्हता. पाणिनीय शिक्षेंत वेदपठणाचे जे दोष सांगितले आहेत त्यांत भीत, अव्यक्त, सानुनासिक, काकस्वर असे निव्वळ आवाजाचे दोषहि गणलेले आहेत. वाघीण आपल्या पिलांस दातांत धरून नेतांना त्यांना पडूंहि देत नाहीं आणि चावतहि नाहीं, तशा बेतानें वर्ण उच्चारावे, असा मोठा मार्मिक दृष्टांतहि तेथें दिला आहे. मात्र शिक्षाकारांनीं एक गोष्ट गृहीत धरिली होती. समोर बसलेला शिष्य गुरूचा स्वर आणि स्वतःचाहि स्वर ऐकूं शकतो, ही ती गोष्ट. ज्या मुलाच्या बाबतींत हें गृहीतच खोटें आहे त्याच्या आवाजाचें काय होतें, आणि घरच्यांनीं व शिक्षकांनीं काय करावें, तें या महिन्यांत पाहूं.

आवाज निघतो कसा, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कंठमण्याच्या मागें, श्वासनलिकेच्या तोंडाशीं, दोन मऊ पट्ट्या ताणलेल्या असतात. त्यांस स्वरतंतु म्हणतात. छातींतून वर येणारा श्वास त्यांमधून जातांना त्या थरथरतात. प्रौढ पुरुषांत सेकंदास सुमारें १०० ते १३० वेळां, स्त्रियांत सुमारें २०० ते २२० वेळां, आणि शाळकरी मुलांत २५० ते ३०० च्या आसपास. हा मूळ नाद अगदींच ओबडधोबड असतो. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांत घुमून तो बाहेर पडतो तेव्हां त्यास ओळखीच्या आवाजाचें रूप येतें. जिवंत माणसाचे स्वरतंतु काम करतांना नीट पाहून त्यांचें वर्णन केलें तें कोणा वैद्यानें नव्हे, तर गायनाच्या एका शिक्षकानें, हें आपल्यासारख्या संगीतप्रिय लोकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मान्वेल गार्सिया या स्पॅनिश गायनाचार्यानें १८५४ सालीं दंतवैद्याचा लहानसा आरसा घशांत धरून, दुसऱ्या आरशानें सूर्याचा कवडसा त्यावर पाडून, स्वतःचेंच स्वरयंत्र पाहिलें, आणि पुढील वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें तो वृत्तांत मांडला. आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपाशीं बारीक लवचीक दुर्बीण असते; ती नाकावाटे घालून तेंच दृश्य पडद्यावर दिसतें. परंतु जें मूल जन्मतः नीट ऐकत नाहीं त्याचे स्वरतंतु या दुर्बिणींत बहुधा निर्दोषच आढळतात, आणि आईबाप बुचकळ्यांत पडतात. घसा चांगला, तंतु चांगले, मग आवाज असा कां?

याचें कारण असें कीं, आवाज घशांत उत्पन्न होत असला तरी त्यावर देखरेख असते ती कानाची. आपण बोलत असतांना आपलाच आवाज क्षणोक्षणीं आपल्या कानांवर येत असतो आणि त्याप्रमाणें घसा, श्वास, टाळू यांस अदृश्य आज्ञा सुटत असतात. एत्येन लोंबार या फ्रेंच कर्णवैद्यानें १९११ सालीं दाखवून दिलें कीं, माणसाच्या कानांत मोठा कोलाहल सोडला तर तो नकळत आवाज चढवून बोलूं लागतो, आणि कोलाहल थांबतांच आवाज आपोआप खालीं येतो. बहिरेपणाचें सोंग घेणारे लोक पकडण्यासहि या युक्तीचा उपयोग होत असे. खऱ्या बहिऱ्याचा आवाज त्या कोलाहलानें ढळत नाहीं, सोंगाड्याचा ढळतो! पुढें १९५० सालीं बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकानें याच्याहि पुढची गंमत दाखविली. माणसाचा स्वतःचा आवाज त्याच्या कानांवर सेकंदाच्या अल्पशा अंशानें उशिरां पोंचविला, तर चांगला अस्खलित वक्ताहि अडखळूं लागतो, शब्द लांबवूं लागतो. कानाचा पहारा क्षणभर मागें पडला तर मोठ्या माणसाची ही गत. मग ज्याच्या दारीं हा पहारेकरी जन्मापासून नाहींच, किंवा पेंगत बसलेला आहे, त्या बालकाच्या आवाजास शिस्त कशी यावी? म्हणून आमचें सांगणें असें आहे कीं, शाळकरी मुलाच्या आवाजाची जात बिघडलेली दिसली म्हणजे, घशाला दोष देण्यापूर्वीं त्याच्या कानांची चौकशी करावी.

येथें एक बारीक भेद आहे, आणि तो समजून घेणें प्रत्येक आईस उपयोगी पडेल. दोन्ही कानांत घट्ट बोटें घालून जरा 'ऊ' असें म्हणून पाहावें. बाहेरचें जग दूर गेल्यासारखें होतें, पण आपला आवाज मात्र डोक्यांत घुमूं लागतो. स्वतःचा आवाज आपणांस हवेंतून ऐकूं येतो तसाच कवटीच्या हाडांतूनहि येतो, त्याचा हा प्रत्यय. (ध्वनिमुद्रित केलेला आपला आवाज आपणांस परका वाटतो त्याचें कारणहि हेंच, त्यांत हाडांतून येणारा भाग नसतो.) आतां ज्या मुलाच्या मधल्या कानांत पाणी सांचलें आहे, कान वाहतो आहे, पडद्यास भोंक पडलें आहे, त्याची स्थिति कानांत बोटें घालून बसलेल्या माणसासारखी असते. आईची हांक त्याला अस्पष्ट येते, पण स्वतःचा आवाज मोठा वाटतो. म्हणून असें मूल हळू, दबक्या आवाजांत, कधीं कधीं तोंडांतल्या तोंडांत बोलतें. याच्या उलट ज्याच्या आंतल्या कानास किंवा श्रवणाच्या नाडीस इजा आहे, त्याला हाडांतून येणाराहि आवाज पुरेसा पोंचत नाहीं; तें मूल उंच, ठणठणीत आवाजांत बोलूं लागतें. पहिल्यास आपण 'लाजाळू' म्हणतों आणि दुसऱ्यास 'उद्धट' म्हणतों. एकाला 'मोठ्यानें बोल' म्हणून दटावतों, दुसऱ्याला 'हळू बोल, आम्ही काय बहिरे आहोंत?' असें विचारतों. बहिरें कोण आहे याचा शोध मात्र घेत नाहीं.

मधल्या कानांत पाणी सांचण्याचा विकार दोन ते सहा वर्षांच्या मुलांत फार आढळतो. त्यांत ठणका नसतो, ताप नसतो. म्हणून तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पुष्कळदां तीन महिन्यांच्या आंत पाणी आपसूक ओसरतें. पण न ओसरल्यास डॉक्टर पडद्यांत एक सूक्ष्म नळी बसवितात, आणि मुलाचें ऐकणें सुधारतें. या विकारांत ऐकण्याची तूट साधारण वीसतीस डेसिबेलच्या घरांत असते. आपली नेहमींची बोलचाल ६० डेसिबेलच्या आसपास असते व कुजबूज ३० च्या. म्हणजे या मुलास घरांत, समोरासमोर, सारें ऐकूं येतें. वर्गांत, दुरून, पाठमोऱ्या शिक्षकाचें अर्धेंच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेल तूट असलेल्यास कमी ऐकणारा आणि ७० च्या पुढें बधिर, अशी मर्यादा घातली आहे. कायद्याला कोठें तरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण त्या रेघेच्या अलीकडे जीं मुलें राहतात त्यांचें नांव कोणत्याच यादींत चढत नाहीं, आणि तींच आमच्या मतें अधिक फसतात. पूर्ण बहिरें मूल निदान ओळखलें तरी जातें.

आतां नाकाकडे वळूं. म, न, ण, ङ, ञ हे वर्ण मुख व नासिका या दोहोंच्या साह्यानें होतात हें व्याकरण शिकलेल्यास सांगावयास नको. टाळूचा मागचा मऊ भाग पडद्यासारखा खालींवर होत असतो. अनुनासिकाच्या वेळीं तो खालीं येऊन नाकाची वाट मोकळी करितो, इतर वेळीं वर उचलून ती बंद करितो. या पडद्याचा बिघाड दोन तऱ्हांनीं दिसतो. नाकामागील गांठ वाढून वाट नेहमींच बंद राहिली तर 'मामा' चा 'बाबा' होतो, 'नाना' चा 'दादा' होतो. सर्दी झालेल्याचें बोलणें असेंच असतें. उलट वाट बंदच होत नसेल तर सारेच वर्ण नाकांतून येतात, 'बाबा' म्हणतांना 'मामा' ऐकूं येतें. हाच खरा गेंगाणा आवाज. घरीं परीक्षा सोपी आहे. 'बाबा, पापड ठेवा' यांत अनुनासिक वर्ण एकहि नाहीं. तें वाक्य मुलास एकदां तसेंच व एकदां नाक चिमटींत धरून म्हणावयास लावावें. आवाजांत कांहीं फरक पडला नाहीं तर ठीक. पडला, तर वारा नाकांतून गळतो आहे असें समजावें. नंतर 'नानांनीं मामांना नेलें' हें वाक्य म्हणवून घ्यावें. येथें नाक धरल्यावर फरक पडलाच पाहिजे; न पडला, तर नाकाची वाट आधींच बुजलेली आहे. ही परीक्षा डॉक्टरांच्या परीक्षेची जागा घेत नाहीं, पण डॉक्टरांकडे काय सांगावयाचें तें त्यावरून कळतें.

दोन्ही बिघाडांचा कानाशीं पुन्हां संबंध आहेच. नाकामागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. गांठ वाढली कीं ती नळी तुंबते व कानांत पाणी सांचतें; फाटलेल्या टाळूचीं जीं मुलें असतात त्यांच्या कानांतहि हें पाणी हमखास म्हणावें इतकें आढळतें. टाळूची शस्त्रक्रिया साधारण वर्षाच्या आगेमागें होते, आणि ती झाली म्हणजे काम संपलें असें घरच्यांस वाटतें; परंतु कांहीं मुलांत टाळू शिवल्यानंतरहि ती पुरती वर पोंचत नाहीं, व आवाज नाकांतच राहतो. आणखी एक गोष्ट विशेष जपण्याची. कांहींची टाळू वरून अखंड दिसते, पण आंतल्या स्नायूंत फूट असते. पडजीभ दुभंगलेली असणें ही तिची एक खूण. अशा मुलाच्या नाकामागील गांठ सर्रास काढून टाकली, तर आजवर त्या गांठीनें जी फट झांकली होती ती उघडी पडते आणि चांगलें बोलणारें मूल एकाएकीं गेंगाणें होतें. गांठ काढण्याचें ठरलें असेल तर टाळू पाहिली आहे काय, हें शस्त्रवैद्यास अवश्य विचारावें. प्रश्न विचारल्यानें चांगला डॉक्टर रागावत नाहीं.

परंतु या लेखाचा मुख्य रोख जन्मतः फारच कमी ऐकणाऱ्या मुलाकडे आहे. अशा मुलांस आपल्याकडे 'बहिरा-मुका' असें जोडनांव फार दिवस चाललें. मुंबईंत १८८५ च्या सुमारास बिशप म्यूरिन यांच्या खटपटीनें या मुलांसाठीं जी शाळा निघाली, आणि जी हिंदुस्थानांतील पहिली समजली जाते, तिच्या नांवांतहि बहिरे आणि मुके असे दोन्ही शब्द होते. वास्तविक मुकेपण हें निराळें व्यंग नव्हेच. जन्मतः बहिरें बालक इतर बालकांसारखेंच टाहो फोडतें, हुंकार देतें. फरक पडतो तो पुढें. ऐकणारें मूल वर्ष पुरें होण्यापूर्वीं 'बाबाबा', 'दादादा' अशीं अक्षरें जुळवूं लागतें; न ऐकणारें मूल तेथवर फार उशिरां पोंचतें किंवा पोंचतच नाहीं. ज्याचा आवाज स्वतःच्या कानांवर पडत नाहीं त्याला तो काढण्याची गोडी कोठून लागणार?

असें मूल शाळेंत जाऊन शब्द शिकलें तरी त्याच्या आवाजांत कांहीं विशेष राहतात. आवाज बहुधा नेहमींपेक्षां उंच पट्टींत लागतो. घशाची थरथर हातास किंवा गळ्यास जाणवावी म्हणून मूल नकळत ताण देतें, हें त्याचें एक कारण जाणते सांगतात. चढउतार फार थोडा असतो, म्हणून प्रश्न आणि उत्तर एकाच सुरांत येतात. किंवा उलट, भलत्याच ठिकाणीं सूर उडी मारतो. वाक्याच्या मध्येंच श्वास घेतला जातो. आवाज कधीं वाऱ्यासारखा पोकळ, कधीं घट्ट दाबलेला येतो. आणि बरेचदां तो गेंगाणाहि असतो, याचें कारण ध्यानांत घेण्यासारखें आहे. ओठांची हालचाल मूल पाहून शिकूं शकतें, जिभेची थोडीफार दिसते. पण टाळूचा पडदा ना दिसतो ना स्पर्शानें कळतो. 'प' व 'म' म्हणतांना ओठ अगदीं सारखेच मिटतात. फरक आहे तो केवळ पडद्यामागें, आणि तो ऐकूंच येतो. म्हणून या मुलांस 'नाकांत बोलूं नको' असें सांगणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याचें नाक त्याला दाखवावें लागतें. नाकाच्या बाजूस बोट ठेवून 'म' ची थरथर कळते व 'प' ला ती नसते. नाकाखालीं थंड आरसा धरला तर 'म' ला त्यावर वाफ धरते, 'प' ला धरत नाहीं. आईच्या छातीवर हात ठेवून खालचा सूर समजावितां येतो. तोंडापुढें धरलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर 'प' चा धक्का दिसतो. अमेरिकेंत सोफी आल्कॉर्न नांवाच्या शिक्षिकेनें अंध व बधिर अशा दोन मुलांस बोलणाऱ्याच्या ओठांवर अंगठा आणि जबडा-गळ्यावर बोटें ठेवून भाषण शिकविलें. टॅड व ओमा या त्या मुलांच्या नांवांवरून ती पद्धति टाडोमा या नांवानें ओळखली जाते. हातांनीं ऐकणें हा शब्दप्रयोग तेथें अक्षरशः खरा ठरला.

हें सर्व खरें असलें तरी, हात आणि आरसे हे कानाचे बदली कामगार. शक्य तेथें मूळ नोकरासच कामावर आणावें हें उत्तम. बहुतेक बहिऱ्या मुलांत ऐकण्याचा कांहीं ना कांहीं अवशेष असतो, आणि योग्य श्रवणयंत्र लहानपणींच लागलें तर त्याला स्वतःचा आवाज सांपडतो. एका महिन्याच्या आंत नवजात बालकाच्या कानांची चांचणी, तीन महिन्यांच्या आंत निदान, आणि सहा महिन्यांच्या आंत उपाय, असा दंडक आज जगभर मानिला जातो. श्रवणयंत्रानें भागत नसेल तर आंतल्या कानांत विजेच्या तारेचें यंत्र बसविण्याची, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटची, शस्त्रक्रिया करितात. गरजू कुटुंबांतील लहान मुलांसाठीं केंद्र सरकारच्या एडिप योजनेंतून तिला साह्य मिळतें. हें यंत्र शब्द चांगले पोंचवितें, सुरांची उंची मात्र तितकी बारकाईनें पोंचवीत नाहीं. तेव्हां इम्प्लांट झाल्यावर आमचें मूल गाऊं कां लागलें नाहीं, अशी निराशा करून घेऊं नये. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षें वाचोपचार लागतो, आणि त्याचा मोठा भाग घरींच व्हावयाचा असतो.

आणि येथेंच आमच्या सुशिक्षित घरांची खरी परीक्षा आहे. चष्मा लावलेल्या मुलीस कोणी लपवीत नाहीं. श्रवणयंत्र लावलेल्या मुलीची वेणी मात्र कानावरून घातली जाते, आणि लग्नामुंजीच्या दिवशीं तें यंत्र कपाटांत ठेवलें जातें. म्हणजे ज्या दिवशीं घरांत शंभर माणसें, त्या कोलाहलांत तिला ऐकूं येण्याची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच दिवशीं तिचा कान आपण काढून घेतों! मग तिच्या तोंडून भलत्या उंचीचा आवाज निघतो, चार डोकीं वळतात, आणि 'तूं आज बोलूं नको' अशी आज्ञा होते. पुढें स्थळें यावयाची आहेत, लोक काय म्हणतील, हें कारण सांगितलें जातें. लोक काय म्हणतात तें त्या मुलीस ऐकूं आलें असतें तर तिनें उत्तर तरी दिलें असतें.

दुसऱ्या टोकाचाहि एक अतिरेक आहे, तो सांगितल्याशिवाय पुढें जाणें रास्त होणार नाहीं. मूल 'आपल्यासारखें' बोललें पाहिजे या हट्टापायीं कित्येक आईबाप खुणांची भाषा घरांत येऊं देत नाहींत. १८८० सालीं इटलींत मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें बधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी असा ठराव केला, आणि त्याचे परिणाम पिढ्यान् पिढ्या मुलांनीं भोगले. २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें ते ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला. एकशें तीस वर्षांनीं! आपल्याकडे २०१५ मध्यें दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली आहे. आवाज सुधारावा, त्यासाठीं झटावें. पण मुलाची बुद्धि त्याच्या आवाजावरून मोजूं नये, आणि आवाज येईपर्यंत त्याला भाषेवांचून उपाशी ठेवूं नये.

ज्या मुलांचे कान चांगले निघाले त्यांच्याविषयीं थोडेंच सांगतों. मैदानावर ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गांठी येतात व आवाज घोगरा होतो. हें मुलग्यांत अधिक. मुलांत बहुधा शस्त्रक्रिया लागत नाहीं, बोलण्याची संवय बदलल्यानें काम होतें, आणि वयांत येतांना पुष्कळांच्या गांठी जिरतातहि. कुजबुजून बोलायला लावल्यानें घशास विश्रांति मिळतेच असें नाहीं. घोगरेपणा दोनतीन आठवड्यांपेक्षां अधिक टिकला तर दुर्बिणीनें तपासून घ्यावें, आणि त्याबरोबर श्वासास अडथळा होत असेल तर एक दिवसहि थांबूं नये. कंठ फुटण्याच्या वयांत मुलग्याचा आवाज सुमारें एका सप्तकानें खालीं उतरतो. कांहींचा उतरत नाहीं, बारीकच राहतो. त्यांच्या पुरुषत्वाविषयीं टवाळी होते ती निव्वळ अज्ञानानें, कारण वाचोपचाराच्या थोड्याच बैठकांत तो बहुधा जागेवर येतो. कमी ऐकणाऱ्या मुलग्याची या वयांत अधिक काळजी घ्यावी. आपला आवाज बदलतो आहे हेंच त्याला नीट उमगत नाहीं.

घरगुती उपायांविषयीं आजीबाईंचा अनादर न करितां लिहावें लागेल. ज्येष्ठमधाची कांडी, खडीसाखर, हळदीचें दूध यांनीं घशास बरें वाटतें, तें द्यावें. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेंतून जातो, स्वरतंतु असतात ते श्वासाच्या वाटेवर, तेव्हां त्यांस त्याचा लेप बसतो असें समजूं नये. संस्कृतांत वेखंडास 'वचा' म्हणतात, आणि वाचा सुटावी म्हणून तें बालकांस उगाळून चाटविण्याची चाल जुनी आहे. न ऐकणारें मूल त्यानें बोलूं लागत नाहीं, आणि वाट पाहण्यांत मोलाचीं वर्षें जातात. कानांत कढत तेल घालणें मात्र साफ बंद करावें. पडद्यास भोंक असलें तर तें आंत उतरतें.

शाळेचा भाग सोपा आहे, केला तर. अशा मुलास दीडदोन मीटरांवर, शिक्षकाचा चेहरा उजेडांत दिसेल असें बसवावें. फळ्याकडे तोंड करून शिकवूं नये. आवाज चढला कीं ओरडण्याऐवजीं हातानें ठरलेली खूण करावी. वाचनाची पाळी त्याची आली असतां ती टाळूं नये, आणि वर्गास हसूंहि देऊं नये. सरकारी शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक मुलांची तपासणी करितें, त्यांत कान व टाळू यांचाहि समावेश आहे, व पुढील उपचाराची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीं आहे. मुंबईंत वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे. मोठ्या रुग्णालयांत श्रवण व वाचा यांचे विभाग असतातच. घरीं ऐकण्याची वेळ निवडावयाची तर संध्याकाळच्या परवच्याची. पाढे व श्लोक ठराविक असतात, शब्द शोधावे लागत नाहींत, म्हणून आवाजाची जात निर्भेळ कानांवर येते. महिन्यांतून एकदां तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. रोज ऐकणाऱ्यास फरक कळत नाहीं, सहा महिन्यांपूर्वींचा आवाज शेजारीं ठेवला म्हणजे कळतो. डॉक्टरांसहि त्याचा फार उपयोग होतो.

आतां पावसाळा आहे म्हणून यंत्राविषयीं एक सूचना. कोंकणांत व मुंबईंत या दिवसांत हवेचा दमटपणा आणि मुलाच्या कपाळाचा घाम मिळून श्रवणयंत्राचा घात करितात. रात्रीं यंत्र पुसून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबींत झांकून ठेवावें. बॅटरीचें झांकण उघडें ठेवावें. लहान मूल यंत्र बंद पडल्याचें आपण होऊन सांगतेंच असें नाहीं. इम्प्लांट बंद ठेवलें असतां कांहींच्या आवाजाची उंची व जोर थोड्या वेळांत पालटतो, असें अभ्यासकांनीं नोंदलें आहे. आणि यंत्र वापरणाऱ्या मुलांच्या आया तें कोणत्याहि नोंदीवांचून ओळखतात. सकाळीं मुलानें मारलेली पहिलीच हांक नेहमींपेक्षां चढी किंवा सपाट वाटली, तर त्याला कांहीं म्हणण्यापूर्वीं बॅटरी बदलून पाहावी.